ओशिनबेत्सुचा पाहुणा

इसोबे तोकुजीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मासळीबाजारातून आणलेली थर्माकोलची खोकी ओळीने मांडलेली, प्रत्येकात हिरवट पाणी, आणि पाण्यात बोटाच्या पेराएवढे मेदाका मासे. सगळा जन्म त्याने फेरीबोटीच्या इंजिनघरात काढला होता. समुद्रावर राहून मासा कधी नीट पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावर हे वेड लागले.

"लोकांच्या घरी म्हाताऱ्यांना गुडघेदुखी होते," त्याची बायको फुसाए म्हणायची, "आमच्या घरी मासे झालेत."

गावच्या समाजमंदिरात म्हाताऱ्यांसाठी संगणकाचा वर्ग निघाला तेव्हा तोकुजी पहिल्या बाकावर जाऊन बसला. तिथेच त्याने आपली वेबसाइट केली. वेबसाइट कसली, एकच पान होते. वर "इसोबेंचे मेदाका" हे नाव, खाली रोजचा एक फोटो, दोन ओळी मजकूर, आतापर्यंत किती पाहुणे येऊन गेले त्याचा आकडा, आणि पाहुण्यांनी चार शब्द लिहावेत म्हणून अभिप्रायाची जागा. अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक वाक्य होते. ते त्याने शेजारी बसणाऱ्या माजी पोस्टमास्तरांच्या पानावरून उतरवून घेतले होते, कारण सगळ्या अब्रूदार पानांवर तसे काहीतरी असते असे त्याने पाहिले होते. "या पानावर येणाऱ्यांची कोणतीही माहिती घेतली जात नाही, ठेवली जात नाही आणि कोणालाही दिली जात नाही."

शिकवणाऱ्या बाईंनी विचारले, "इसोबेसान, हे लिहिलंत खरं, पण तसं आहे ना?"

"आहे की. मला कोणाची माहिती घेऊन काय लोणचं घालायचंय?"

वर्ग हसला. बाईही हसल्या. आणि त्या दिवशी ते वाक्य खरेही होते.

तोकुजीला एकुलती एक मुलगी, चिहारू. तिला ओसाकात दिलेली. जावई रियोहेइ दिसायला देखणा, बोलायला मधाळ. आला की सासऱ्याबरोबर अंगणात उकिडवा बसायचा, माशांची नावे विचारायचा, वेबसाइटचे कौतुक करायचा. नात कोयुकी पाच वर्षांची असताना एका शुभ्र माशाचे नाव तिने ओमोची ठेवले, तांदळाच्या मऊ गोळ्यासारखा दिसतो म्हणून. तेव्हापासून ओमोचीचे खोके वेगळे, त्याचे खाणे वेगळे.

त्या मधाळ माणसाने चिहारूचे दोन दात पाडले होते. हे आईबापांना कळले ते ती घर सोडून गेल्यावर. लेकीला घेऊन ती एका सकाळी निघाली ती कुठे गेली कोणालाच ठाऊक नव्हते. चारच दिवसांत रियोहेइ मिठाईचा डबा घेऊन दारात उभा राहिला. चटईवर कपाळ टेकून रडला. "बाबा, माझं चुकलं. फक्त एकदा बोलू द्या तिच्याशी." तोकुजीने त्याला धरून उठवले. फुसाएने चहासुद्धा टाकला नाही. तो गेल्यावर तिने मिठाईचा डबा न उघडता कचऱ्यात घातला.

पुढे महिन्याभराने दुपारी फोन वाजला. फुसाए शेतावर गेली होती.

"बाबा, मी."

"कुठं आहेस तू? बरी आहेस ना? कोयुकी..."

"विचारू नका. तुम्हाला ठाऊक नसलं म्हणजे तुम्हाला सांगताही येणार नाही. मला आसरा दिलेल्या बायकांनी तसंच बजावलंय. तो पहिल्यांदा तुमच्याकडेच येणार म्हणतात."

"आला होता."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"बाबा, फोनही आता करणार नाही. पण तुमचं पान मी रोज बघीन. ओमोचीचा फोटो तेवढा रोज लावत जा. कोयुकी वाट बघते. फोटो दिसला की आम्ही समजू, तुम्ही दोघं ठीक आहात."

"आणि तुम्ही ठीक आहात हे आम्ही कशावरून समजायचं?"

"नाही समजायचं," चिहारू म्हणाली. "तेच तर करायचंय, बाबा."

तोकुजीने शब्द पाळला. ऊन असो, वादळ असो, सकाळी उठले की पहिला ओमोचीचा फोटो. उन्हाळ्याच्या भरात एके दिवशी ओमोची पाण्यावर उलटा तरंगताना दिसला. तोकुजी खोक्याशी बराच वेळ बसून राहिला. मग दुसऱ्या खोक्यातून तसाच एक पांढरा मासा काढून त्याने ओमोचीच्या पाण्यात सोडला आणि त्याचा फोटो लावला. खाली लिहिले, "ओमोचीला उकाडा सोसत नाही, पण तब्येत छान."

फुसाएने खिडकीतून पाहिले. "पोरीला फसवता?"

"पांढरे सगळे सारखेच दिसतात."

"तुम्हाला दिसतात," ती म्हणाली.

त्याच सुमाराला पानावर एक नवा पाहुणा येऊ लागला. अभिप्रायाखाली तो हासुइके अशी सही करायचा, म्हणजे कमळतळे. खरे नाव तिथे कोणीच लिहीत नाही. हा माणूस फार अदबशीर. "आपल्या माशांचे खवले पाहून डोळे निवतात." "पाणी किती दिवसांनी बदलता, कृपया मार्गदर्शन करावे." उभ्या जन्मात तोकुजीकडे कोणी मार्गदर्शन मागितले नव्हते. तो एका बोटाने टकटक करत लांबलचक उत्तरे लिहू लागला. जेवतानाही कमळतळ्याच्याच गोष्टी.

"कालवण गार होतंय," फुसाए म्हणायची. "तुमचं कमळ जेवण करून आलं असेल."

एकदा कमळतळ्याने लिहिले, "ओमोची हे नाव किती गोड. नातीने ठेवले असणार." तोकुजी खुलून गेला. खरंच की, म्हणाला मनात, माणूस जाणता आहे.

पानगळ सुरू झाली तेव्हा कमळतळ्याने एक गोष्ट सुचवली. आपले पान इतके लोक पाहतात, पण कुठून कुठून पाहतात हे कळायला नको का? एक फुकटची चौकट मिळते. ती पानावर लावली की आज कोणत्या गावांतून पाहुणे आले त्याची नावे आपोआप दिसतात. मी माझ्याकडे लावली आहे, फार मौज वाटते.

तोकुजीला त्या मौजेचे काही पडले नव्हते. साप्पोरोहून कोण आले आणि नागोयाहून कोण, त्याला काय करायचे होते? पण वाचता वाचता त्याला चिहारू आठवली. सगळ्या गावांत एक गाव तिचे असेल. विचारायचे नाही, सांगायचे नाही. नुसते पाहायचे. पाहण्याने कोणाचे काय जाते?

चौकट घेताना एक लांबलचक मजकूर समोर आला. तो सगळा खाली सरकवून तोकुजीने "मान्य आहे" वर बोट दाबले.

पहिल्या आठवड्यात काही उमगले नाही. मग एक नाव रोज दिसू लागले. ओशिनबेत्सु. पार उत्तरेला, होक्काइदोच्या टोकाला समुद्रकाठचे गाव. दुपारी चार वाजून गेले की ते नाव चौकटीत उमटायचे. सोमवारी नसायचे, बाकी रोज. दुसरा कोण एवढ्या लांबून एका म्हाताऱ्याचे मासे रोज बघणार होता? तोकुजीने ते नाव हाताने झाकले, पुन्हा उघडले, पुन्हा झाकले. कैक महिन्यांनी त्याला त्या दिवशी भूक लागली.

फुसाएला त्याने काही सांगितले नाही. पण तो आता टीव्हीवर हवामानाच्या बातम्या शेवटपर्यंत बघू लागला. आधी आपल्या भागाचे हवामान कळले की तो टीव्ही बंद करायचा. आता उत्तरेचा नकाशा येईपर्यंत चहाचा पेला हातात धरून बसायचा.

"तिकडं बर्फ पडलाय," तो एकदा बोलून गेला.

"पडेना का," फुसाए म्हणाली. "तिकडं आपलं कोण आहे?"

त्याने चहाचा घोट घेतला. तिने त्याच्याकडे टक लावून पाहिले. दुसऱ्या दिवशी तिने जाड लोकर आणली आणि लहान मुलीच्या मापाचे मोजे विणायला घेतले. कोणासाठी, हे ना तिने सांगितले, ना त्याने विचारले. आणि त्या घरात हिवाळ्याच्या तोंडाशी एक प्रकारचे सुख आले.

डिसेंबरात पाहुण्यांचा आकडा तीस हजारांजवळ गेला. अशा छोट्या पानांवर एक रीत असते. गोल आकडा आला की मालक आनंद जाहीर करतो, पाहुण्यांचे आभार मानतो. कमळतळ्याने आठवण करून दिली. "आमच्या गावी देवळाच्या जत्रेत देणगीदारांची नावे त्यांच्या गावासह कागदावर लिहून रांगेने टांगतात. लांबून आलेल्याचा कागद पहिला. आपणही आपल्या लांबच्या पाहुण्याचा असा मान करावा, असे वाटते."

ही रीत तोकुजीच्याही गावची. त्याच्या बापाचे नाव देवळाच्या दारात असेच टांगलेले असायचे. माणसाचा मान करायचा तर त्याचे गाव घ्यायचे, हे त्याच्या रक्तात होते. शिवाय मनात एक दुसरी गोष्ट होती. लेकीला काहीतरी कळवावे. बोलता येत नाही, पत्र नाही, निदान तिला कळावे की बाप तिची चाहूल रोज घेतो, तिच्या गावचे बर्फ त्याला ठाऊक आहे. परक्याला त्यातले काय समजणार?

तीस हजारावा पाहुणा आला त्या सकाळी त्याने लिहिले, "सर्वांचे आभार. त्यांतही पहिला मान दूर उत्तरेच्या ओशिनबेत्सुहून रोज दुपारी, सोमवार सोडून, न चुकता येणाऱ्या पाहुण्यास. तिकडे थंडी कडक आहे. जपावे."

"जपावे" लिहिताना त्याचे डोळे भरून आले. तो स्वतःवर खूश झाला.

त्या दिवशी चार वाजून गेल्यावर ओशिनबेत्सु उमटले. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. कोयुकी आजारी असेल. वर्षअखेरची गडबड असेल. बर्फाने तारा तुटल्या असतील. तोकुजी रोज नवे कारण काढत होता आणि रोज फोटो लावत होता. कमळतळ्याला तरी विचारावे, चौकट कधी बिघडते का, म्हणून त्याने लिहिले. त्याचेही उत्तर आले नाही. रोज दोनदा येणारा माणूस, त्याचाही पत्ता नाही.

फोन आला तो नववर्षाचे तांदळाचे गोळे वाफवत ठेवले होते तेव्हा. बाईचा आवाज होता. नाव सांगितले नाही. ज्या घरांत अशा पळून आलेल्या बायकांना ठेवतात, तिथून बोलत होती.

"इसोबे तोकुजी आपणच? आपली मुलगी आणि नात जिवंत आहेत. हे आधी सांगते."

आधी हे सांगावे लागले, यातच सगळे आले. तोकुजीने फुसाएला हाक मारली. फुसाएने हात पुसत येऊन फोनला कान लावला.

बाईने सांगितले ते असे. पानावर आपले गाव वाचले त्याच दिवशी चिहारूने सामान बांधायला घेतले होते. पण हिवाळ्यात तिथून दिवसाला एकच बस, आणि कोयुकीचा शाळेचा दाखला हातात नव्हता. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी रियोहेइ बसथांब्यावर उभा होता. त्याने पोरीला हात धरून ओढले. चिहारू आडवी आली. बर्फावर आपटून तिचा खांदा आणि हात मोडला. बसच्या चालकाने खाली उतरून त्याला धरले नसते तर पुढचे सांगायची वेळच आली नसती.

"त्याच्या पिशवीत आपल्या पानाची छापील प्रत होती," बाई म्हणाली. "गावाच्या नावाखाली रेघ ओढलेली."

"मी... मी तिचं नाव कुठं लिहिलं होतं?" तोकुजी म्हणाला. "नुसतं गाव..."

"त्या गावात शाळा एक आहे, इसोबेसान. ग्रंथालय एक आहे. सोमवारी ते बंद असतं." बाईचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागत होता. "स्वतःचा फोन वापरू नकोस, त्यावरून माग लागतो, हे आम्हीच तिला शिकवलं. म्हणून ती बर्फातून चालत ग्रंथालयात जायची. आमच्या सगळ्या सूचना तिनं पाळल्या. एकही मोडली नाही."

फुसाएने विचारले, "आता कुठं आहेत?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "नको. सांगू नका."

"सांगणार नव्हतेच," बाई म्हणाली. "त्याला किती दिवस आत ठेवतील सांगता येत नाही. त्या दोघी आता नाव बदलून राहतील. आपल्या मुलीचा एकच निरोप आहे. ती ते पान पुन्हा बघणार नाही. तिच्यासाठी काही लावू नये."

"आणि कोयुकी?"

बाई म्हणाली, "तिनं आजोबांना एक सांगायला सांगितलंय. तो ओमोची नाही म्हणाली. उन्हाळ्यापासूनच नाही. त्याच्या शेपटीवर ठिपका आहे. तिनं पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. पण आजोबा एवढं रोज लावतात म्हणून ती रोज बघायला जायची."

फोन बंद झाला. पातेल्यातले पाणी आटून गोळे खाली लागल्याचा वास आला. कोणी उठले नाही.

बऱ्याच वेळाने फुसाए म्हणाली, "दाखवा ते पान."

तिने ते कधी वाचले नव्हते. माशांचे काय वाचायचे, म्हणायची. आता चष्मा लावून ती संगणकासमोर बसली आणि कमळतळ्याचा शब्दन् शब्द वाचू लागली. तोकुजी मागे उभा होता, बाकावर उभ्या केलेल्या पोरासारखा.

"हे काय?" तिने बोट ठेवले. "ओमोची नाव नातीनं ठेवलं. तुम्ही कुठं लिहिलं होतंत नात म्हणून?"

"नाही लिहिलं."

"मग याला कोणी सांगितलं?"

तोकुजीने त्या ओळीवरून पुन्हा नजर फिरवली. अंगणात त्याच्याशेजारी उकिडवा बसलेला, माशांची नावे विचारणारा जावई त्याला दिसला. केसाने गळा कापला म्हणतात तो असा. आणि केस तोकुजीच्याच डोक्याचा.

"चिहारू आम्हाला विसरली असती तरी चाललं असतं," तो पुटपुटला. "पण तिचं गाव दिसत होतं ना, फुसाए. रोज दिसत होतं. मला वाटलं, नुसतं बघतोय..."

"मलाही वाटलं," फुसाए म्हणाली. "तुम्ही उत्तरेचं हवामान बघायला लागलात तेव्हाच मला कळलं. कान धरून विचारायला हवं होतं मी. मोजे विणत बसले." तिने चष्मा काढला. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. तुम्ही दांडा, मी मूठ."

मग तिची नजर पानाच्या तळाशी गेली आणि तिने ते बारीक वाक्य मोठ्याने वाचले. कोणतीही माहिती घेतली जात नाही, ठेवली जात नाही आणि कोणालाही दिली जात नाही. वर चौकटीत त्या दिवशीची गावे झळकत होती. कोची. हिमेजी. आणि त्यांचे स्वतःचे.

"हे कोणी लिहिलंय?"

"सगळे लिहितात ते."

"असं?" ती म्हणाली. "मग सगळ्यांचंच गाव चव्हाट्यावर टांगलेलं असेल."

तोकुजीने पान बंद करायला हात पुढे केला. पण दुसऱ्याच दिवशी पोलीसठाण्यातून फोन आला की चौकशी पुरी होईपर्यंत पानाला हात लावू नये, कमळतळ्याचा मजकूर पुरावा आहे. म्हणून ते तसेच राहिले. ओमोची नसलेल्या ओमोचीचा फोटो, तीस हजारांचा आनंद आणि "जपावे".

वसंतात परवानगी आली. पुसून टाका म्हणाले, आमचे काम झाले. तोकुजीने चौकट काढली, अभिप्राय काढले, फोटो काढले. अंगणातले मासे त्याने एकेका बादलीने शेजारच्या भातखाचरवाल्याला देऊन टाकले. तळाचे वाक्य मात्र त्याने पुसले नाही, बदलले. एक बोट, एक एक अक्षर. रिकाम्या पानावर तेवढेच राहिले.

"इथे जो येतो, तो दिसतो. मी पाहिले. दुसऱ्यानेही पाहिले. येऊ नये."

हे वाक्य त्याने कोणाच्या पानावरून उतरवले नव्हते.

फुसाए मागे येऊन उभी राहिली. तिच्या हातात मोज्यांचा जोड होता, केव्हाचा विणून झालेला. पत्ता नव्हता म्हणून तसाच पडलेला. तिने वाचले.

"आता खरं लिहिलंत," ती म्हणाली. "वाचणार कोण?"

पाहुण्यांचा आकडा तेवढा काढायचा राहून गेला होता. तोकुजीने लिहिलेले नीट उमटले का पाहायला पान पुन्हा उघडले, आणि आकडा एकाने पुढे सरकला.